माग जिचा तिचा, बाकी सगळं सामाईक

एका पैठणीवर सकाळी एक बाई बसली आणि दुपारी दुसरी, तर साडी उतरल्यावर कापडच ते सांगतं. फणीचा, म्हणजे आडवी तार दाबून बसवणाऱ्या कंगव्याचा, ठोका प्रत्येकीचा वेगळा. एकीच्या हाताने इंचात बाण्याच्या (आडव्या) जितक्या तारा बसतात तितक्या दुसरीच्या हाताने बसत नाहीत. मग साडीच्या अंगात फिके-गडद आडवे पट्टे उमटतात, आणि पदरावरचा मोर मानेपाशी दबलेला अन् पोटापाशी ताणलेला दिसतो. धुऊन, इस्त्री करून हा दोष जात नाही. म्हणूनच महिला विणकरांसाठी सामाईक शेड बांधताना ‘आठ माग, सोळा बायका, दोन पाळ्या’ असा हिशेब कोणी मांडला, तर तो पहिल्याच साडीला फसतो.

पैठणीच्या शेडमध्ये माग वाटून घ्यायचा नसतो. वाटून घ्यायचं ते मागाच्या अवतीभवतीचं: उजेड, ताण्याचा (उभ्या तारा गुंडाळायचा) पिंप, कांड्या (धाग्याच्या नळ्या) भरणारे हात, मुलं सांभाळणारी बाई, कुलपाचं कपाट, गिऱ्हाइकाशी बोलायचा ओटा. हा फरक नकाशा काढायच्या आधीच पक्का झाला तर पुढचे बरेचसे प्रश्न आपोआप सुटतात.

इथे मी येवल्याचं उदाहरण धरून लिहितो आहे, कारण नाशिक जिल्ह्यातल्या या गावात पैठणी आजही प्रामुख्याने घराघरांतच विणली जाते. पुढच्या खोलीत माग, मागच्या खोलीत स्वयंपाक, मध्ये पाळणा. घरी माग असल्याची सोय खरी आहे, पण घरी बसलेली बाई ‘मोकळी’ धरली जाते. नळाला पाणी आलं की ती उठते, दाराशी कोणी आलं की ती उठते, सासऱ्यांच्या चहाला तीच उठते. दर वेळी उठताना हातातल्या तिल्ल्या (नक्षीच्या रंगीत रेशमाच्या छोट्या कांड्या) खाली ठेवायच्या आणि परत बसल्यावर कुठली तार कुठे वळवायची होती ते पुन्हा मोजायचं. साध्या अंगाचं विणकाम हे सहन करतं, पदर करत नाही. पदरावर जरीच्या जमिनीत एकेक रंगाचं रेशीम ताण्याच्या तारा मोजून हाताने गुंतवावं लागतं. गच्च भरलेल्या पदरात दिवसभरात इंच-दीड इंच पुढे गेलं तरी काम चांगलं झालं म्हणतात. अशा कामाला दोन-अडीच तासांची सलग बैठक लागते, आणि ती घरात मिळत नाही. शेड कशासाठी, तर या सलग बैठकीसाठी. तिथली प्रत्येक सोय याच मापाने तपासावी.

जागा

विणकरांच्या वस्तीतच, घरून चालत दहा मिनिटांच्या आत. गावाबाहेर स्वस्तात मोठा प्लॉट मिळतो, पण दुपारी मुलाला शाळेतून आणायला, सासूला औषध द्यायला जी बाई जाणार आहे, तिचा येण्याजाण्यातच तास गेला तर ती महिन्याभरात घरच्या मागाकडे परतते. वाट कुठून जाते तेही पाहायला हवं. पानटपरी आणि दुचाक्यांच्या गर्दीतून जाणारा रस्ता असेल तर संध्याकाळी अंधार पडायच्या आत घरी पोचायची घाई होते, आणि हिवाळ्यात त्यात रोजचा तासभर जातो. दुकानावरचा पहिला मजला नको: खड्ड्याचा माग (पाय खड्ड्यात सोडून जमिनीच्या पातळीला बसायचा) तिथे बसत नाही, आणि गरोदर बाईला दिवसातून चार वेळा जिना चढायला लावणं योग्य नाही.

आठ मागांचा नकाशा

इमारत पूर्व-पश्चिम लांब ठेवावी, म्हणजे लांब भिंती उत्तरेला आणि दक्षिणेला येतात. माग असे मांडावेत की सगळ्याजणी पूर्वेकडे तोंड करून बसतील. उत्तरेचा स्थिर उजेड मग डाव्या बाजूने कापडावर पडतो. खिडकीकडे तोंड करून बसवलं तर उजेड डोळ्यांत जातो आणि कापड काळवंडलेलं दिसतं. खिडकीकडे पाठ केली तर स्वतःचीच सावली नेमकी फणीपुढे पडते.

एका मागाला किती जागा? ताणा रोळावर गुंडाळलेला असेल तर मागाची लांबी साधारण ८ फूट, बसायची फळी आणि पाठीमागे सरकायला दीड फूट, पुढच्या मागापर्यंत आणखी दीड फूट. म्हणजे एकीमागे ११ फूट. एका ओळीत चार माग धरले तर दालन ४४ फूट लांब होतं. मागाची रुंदी ६ फूट आणि भिंतीकडून दीड फूट मोकळं. हे दीड फूट कोणी वाचवू नये: वही (ताण्याच्या तारा उचलणारी चौकट) तुटली, दोरी सुटली की तिथे माणूस उकिडवा बसून काम करतो. दोन्ही ओळींच्या मध्ये ५ फुटांची वाट. एकूण रुंदी २० फूट. ज्या घराण्यात ताणा मागे लांब ताणून उरलेला गुंडाळा भिंतीला बांधायची पद्धत आहे, तिथे एकीमागे ११ ऐवजी १४ फूट धरावेत आणि त्या ओळीत तीनच माग बसवावेत.

या दालनाला जोडून तयारीची खोली १४ बाय १२, पाळणाघर १२ बाय १०, कोठार ८ बाय ८, दोन स्वच्छतागृहं आणि रस्त्याच्या अंगाला २० बाय ६ ची पडवी. भिंती धरून साधारण १५०० चौरस फुटांत हे सगळं बसतं.

खड्डा

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, आणि त्या सिमेंटमध्ये होतात म्हणून दुरुस्त करणं जड जातं. गवंडी सगळे खड्डे एका मापाचे काढतो, आणि ते माप बहुतेक वेळा कोणा पुरुष विणकराच्या मागावरून उचललेलं असतं. बाईचे पाय पावडीपर्यंत (पायाने दाबायच्या पट्टीपर्यंत) नीट पोचले नाहीत तर ती फळीच्या कडेवर सरकून बसते, मांडीखालची नस दाबली जाते, पायाला मुंग्या येतात आणि कंबर वाकते. संध्याकाळी दुखते ती कंबर, पण कारण असतं पायाखाली.

माप असं घ्यावं. बाईला स्टुलावर बसवून, गुडघा काटकोनात ठेवून, गुडघ्यामागच्या खळग्यापासून टाचेपर्यंतची उंची मोजायची. समजा ती १५ इंच आली. पावडी दाबल्यावर खाली जाते ते ४ इंच, आणि दाबलेल्या पावडीखाली ३ ते ४ इंच मोकळी जागा. म्हणजे खड्डा २२ ते २३ इंच. सगळे खड्डे २४ इंच खोल काढावेत आणि ज्यांची उंची कमी त्यांच्यासाठी तळाशी लाकडी फळ्यांची पायरी सरकवावी. खोल खड्डा उथळ करता येतो, उथळ खड्डा खोल करायला फोडावा लागतो. रुंदी ४ फूट ठेवावी, कारण पदर विणताना शेजारी मदतनीस बसते. दोघी एकाच ओळीवर दोन बाजूंनी तिल्ल्या चालवतात. ठोका मात्र एकीनेच मारायचा, म्हणजे सुरुवातीला सांगितलेला पट्टा पडत नाही.

आता पाणी. काळ्या मातीत पावसाळ्यात जमीन फुगते आणि खड्ड्याच्या भिंतींतून ओल झिरपते. पायाशी ओल, वर रेशीम, आणि दोन्हींच्या मध्ये दिवसभर बसलेली बाई. यावर आतून कितीही जलरोधक लेप दिला तरी दोन-तीन वर्षांत तो तडकतो. खात्रीचा उपाय एकच: जोतं २ फूट उंच घ्यायचं. जोतं २ फूट आणि खड्डाही २ फूट, म्हणजे खड्ड्याचा तळ बाहेरच्या जमिनीच्या पातळीला येतो आणि पाणी आत यायचं कारणच राहत नाही. भराव काळ्या मातीचा अजिबात नको. मुरूम थराथराने पाणी मारून ठोकायचा, त्यावर काँक्रीट, खड्ड्याच्या भिंती विटांच्या. उंच जोत्याला उतार लागतो: एक फूट चढायला बारा फूट लांबी, म्हणजे २ फुटांना २४ फूट. तेवढी लांबी भिंतीच्या कडेने वळवून घेता येते. हा उतार ‘नंतर करू’ म्हणून मागे टाकू नये. वयस्कर विणकर बाईचे गुडघे आधीच पावडीने थकलेले असतात, त्यामुळे तो पहिल्या दिवसापासून लागतो.

काम संपलं की प्रत्येक खड्ड्यावर झाकणाची फळी पडलीच पाहिजे. मुलं आणि उघडे खड्डे एका छपराखाली असणार आहेत.

उजेड, वारा, ओल

खड्ड्याच्या मागावर बसलेल्या बाईचे डोळे जमिनीपासून अडीच-तीन फुटांवर असतात आणि कापड त्याहूनही खाली. नेहमीच्या घरासारखी ३ फुटांवर खिडकी सुरू केली तर उजेड तिच्या डोक्यावरून निघून जातो. खिडकीचा उंबरा दीड फुटावर घ्यावा. खालच्या भागाला जाळी, म्हणजे रस्त्यावरून आत दिसणार नाही, आणि वर पूर्ण उघडणारी झडप. दक्षिणेच्या खिडक्यांवर किमान २ फुटांचा सज्जा असावा, नाहीतर दुपारचं ऊन थेट जरीवर येतं आणि डोळे दिपतात.

दिव्यांत लोक पैसे वाचवतात आणि रंगात मार खातात. स्वस्त पांढऱ्या ट्यूबखाली वांगी आणि जांभळा, पोपटी आणि हिरवा एकसारखे दिसतात. तिल्ली चुकीची उचलली गेलेली दुसऱ्या दिवशी सकाळी कळते, तोवर बोटभर विणून झालेलं असतं. विणलेलं उसवायला विणण्याहून जास्त वेळ लागतो, आणि उसवलेली जरी पुन्हा वापरण्याजोगी उरत नाही. एलईडी घेताना खोक्यावर सीआरआय (रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) ९० किंवा त्याहून जास्त आणि ४००० केल्विन असं लिहिलेलं पाहावं. फणीपुढच्या कापडावर ७५० ते १००० लक्स उजेड हवा. मोबाइलवरच्या साध्या ॲपनेही त्याचा अंदाज येतो. एका मागाला एकच दिवा डोक्यावर टांगू नये. दोन ट्यूब, कापडाच्या दोन्ही कडांच्या वर, साधारण ४ फुटांवर, दुधी झाकणाच्या. मग हाताची सावली पडत नाही आणि जरी चमकून डोळ्यांत जात नाही.

रेशमाला ६० ते ७० टक्के आर्द्रता मानवते. येवल्याचा एप्रिल-मे कोरडा. तार कडक होते, फणीत घासून तुटते, आणि प्रत्येक तुटलेली तार वहीतून-फणीतून परत ओवून सांधावी लागते. खिडक्यांना वाळ्याचे पडदे, मधल्या वाटेवर ओलं पोतं, कोपऱ्यात पाण्याची पसरट घमेली इतकं बहुतेक दिवस पुरतं. आर्द्रता दाखवणारं छोटं यंत्र दालनाच्या मध्यावर लावावं आणि सकाळ-दुपारचा आकडा वहीत लिहावा. दोन महिन्यांत कळतं की कुठल्या आकड्याखाली तारा तुटायला लागतात. तो आकडा तुमच्या शेडचा. कुलर चालतो, पण त्याचा झोत मागावर येता कामा नये, आणि एकदा सुरू केला की दिवसभर चालू ठेवावा. तासभर ओलं, तासभर कोरडं हे रेशमाला सगळ्यात वाईट.

पावसाळ्यात उलटा प्रश्न. ओलीने सुती दोऱ्या आखडतात, वह्यांची उंची बदलते, ताण्याच्या काही तारा पुरत्या उचलल्या जात नाहीत आणि धोटा (बाणा वाहून नेणारा) त्यांच्या चुकीच्या बाजूने निसटतो. कापडावर बारीक पडलेल्या तारा दिसायला लागल्या तर हात तपासायच्या आधी दोऱ्या तपासाव्यात. वह्या टांगायला आणि पावड्या बांधायला पॉलिएस्टरची न ताणणारी दोरी घेतली तर हा त्रास बराच कमी होतो.

छताचा पंखा नको. तिल्ल्यांची मोकळी टोकं हलक्या वाऱ्यानेही एकमेकींत अडकतात. बाईच्या मागे, फळीच्या पातळीला, पाठीवर वारा देणारा लहान पंखा लावावा, प्रत्येकीचं बटण वेगळं. आणि पत्र्याचं छप्पर टाळावं. उन्हाळ्यात त्याखाली दुपारी बसवत नाही, पावसात त्याच्या आवाजाने शेजारणीचं बोलणंही ऐकू येत नाही, तर पाळण्यातल्या मुलाचं रडणं कुठून येणार? स्लॅब आणि त्यावर पांढरा चुना, किंवा कौलं आणि खाली लाकडी तक्तपोशी. पत्राच परवडत असेल तर खाली तट्ट्यांचं छत आणि दोन्हींमध्ये फूटभर मोकळी हवा ठेवावी.

हात, बांगड्या, धूर

बाई स्वयंपाक उरकून येते. बोटांना हळद, तेल, भेंडीचा चिकटपणा, नखांत पीठ. दाराशीच हात धुवायची मोरी, साबण आणि रोज बदललेला पंचा ठेवला तर हा प्रश्न तिथेच संपतो. मोरी आतल्या कोपऱ्यात ठेवली तर संपत नाही, कारण तिथपर्यंत जाताना माग वाटेत येतात. ओल्या हाताने जरीला शिवायचं नाही. घाम येणाऱ्या हातांना थोडी शंखजिऱ्याची पूड.

काचेच्या बांगड्यांवरून अनेक ठिकाणी वाद होतात. बांगडीला ताण्याची तार अडकते, बांगडी फुटली तर काच तारांत जाते, म्हणून ‘बांगड्या काढून या’ असा नियम लावला जातो. सौभाग्याची खूण कामासाठी काढून ठेवायला सांगणं बऱ्याचजणींना सहन होत नाही, आणि व्हायला का हवं? मनगटापासून कोपरापर्यंतची, दोन्ही टोकांना इलॅस्टिक असलेली मऊ सुती बाही शिवून द्यावी. बांगड्या आत राहतात, हात मोकळा चालतो. एकीला दोन जोड पुरतात. हीच बाही मंगळसूत्राला चालत नाही. ते पदराखाली किंवा ब्लाउजच्या आत घ्यायची सवय विणकर बायकांना असतेच.

चूल किंवा गॅस दालनापासून वेगळा, दाराच्या आड हवा. धुराने जरी काळवंडते. डांबरगोळ्याही जरीजवळ ठेवू नयेत. कोठारात मलमलचं धुतलेलं फडकं आणि कोरडी हवा पुरेशी आहे.

मुलं

पाळणाघर दालनाच्या पश्चिमेच्या टोकाला, म्हणजे विणणाऱ्यांच्या पाठीमागे ठेवावं. मध्ये ३ फुटांची भिंत आणि वर काच. आईने मान वळवली की मूल दिसलं पाहिजे. दिसत असेल तर ती उठत नाही, नुसती एकदा बघते आणि परत तिल्ली उचलते. मूल दिसत नसेल तर प्रत्येक आवाजाला ती उठणार. आणि मध्ये काहीच नसेल तर रांगणारं मूल ताण्याखाली जाऊन लोंबणारी तिल्ली ओढणार. काच खालून उघडणारी घ्यावी, म्हणजे ऐकूही येतं.

आठ मागांच्या शेडला सहा महिने ते पाच वर्षांची साधारण पाच-सहा मुलं धरावीत. झोळीसाठी छताला पक्के दोन हूक, तान्ह्याला पाजायला पडद्याआडची बैठक, मुलांच्या उंचीचं पाणी. सांभाळणारी बाई पगारावर हवी. ‘आळीपाळीने एकेकीने पाहायचं’ ही व्यवस्था ऐकायला चांगली वाटते, पण दर आठवड्याला कोणाचा तरी एक दिवस बुडतो, आणि तो नेहमी त्याच गरीब स्वभावाच्या बाईचा बुडतो.

गरोदरपणाचा विचार नकाशातच करायला हवा. पाचव्या-सहाव्या महिन्यानंतर विणलेलं कापड गुंडाळायची तूर पोटाला टेकते आणि पावडी दाबायला जोर लागतो. तेव्हा त्या बाईला कांड्या-तिल्ल्या भरणं, सांधणी (नव्या ताण्याच्या तारा जुन्यांना जोडणं), नक्षीचा आलेख कागदावर उतरवणं ही कामं तयारीच्या खोलीत मिळावीत, उंच पाठीच्या खुर्चीवर. तिचा माग तिचाच राहतो, झाकून. अर्धी साडी दुसरीला देऊ नये. कारण वर आलंच आहे.

तयारीची खोली

सामाईक शेडचा खरा फायदा इथे. घरी एकेकटीला ताणा करणं, कांड्या भरणं, सांधणी हे सगळं कोणाच्या तरी हातापाया पडून करून घ्यावं लागतं, किंवा घरातली सासू आणि मुली ते काम बिनपैशाने करतात. त्या कामाची नोंद कुठेच होत नाही. शेडमध्ये ते काम वेगळं दिसतं, मोजता येतं आणि त्याचे पैसे देता येतात. २०१९-२० च्या चौथ्या अखिल भारतीय हातमाग गणनेत देशातल्या सुमारे ३५ लाख हातमाग कामगारांमध्ये ७० टक्क्यांहून अधिक स्त्रिया आढळल्या. तरी गावात ‘विणकर कोण’ विचारलं की नाव सांगितलं जातं ते घरातल्या पुरुषाचं. म्हणून शेडमध्ये येणाऱ्या प्रत्येकीचं विणकर ओळखपत्र आणि बँक खातं तिच्या नावाचं असावं, तयारीचं काम करणाऱ्यांचंही.

खोलीत काय हवं: ताण्याचा एक पिंप (सहा बाय सहा फूट जागा), लड उकलायच्या दोन असाऱ्या, कांड्या भरायचे दोन रहाट, सांधणीसाठी खिडकीजवळची बैठक. लड उकलताना रेशीम सगळ्यात जास्त वाया जातं, म्हणून असारी वाऱ्यापासून आणि दारापासून दूर ठेवावी. साडी, ब्लाउजपीस आणि मागाला अडकून राहणारा तुकडा धरून एका साडीला सात मीटर ताणा लागतो. चार साड्यांचा एकदम घेतला तर २८ मीटर. एका ताण्यावर चारही साड्यांच्या अंगाचा उभा रंग एकच राहणार हे मात्र लक्षात घ्यावं. बाण्याचा रंग बदलून छटा बदलता येते, धूपछाँवही (हलवल्यावर बदलणारी रंगछटा) साधते.

ताणा संपला की नव्या ताण्याच्या तीन हजारांहून जास्त तारा जुन्या तारांना एकेक करून जोडायच्या. ही सांधणी. यात घाई झाली की पुढे महिनाभर तारा सुटत राहतात. शेडमध्ये दोघींनी हे कौशल्य नीट आत्मसात केलं तर आठही मागांना पुरतं, आणि त्यांना रोजावर नाही तर ताण्यामागे ठरलेला दर द्यावा.

उकळणं आणि रंगाई पहिल्या वर्षी करू नये असं माझं ठाम मत आहे. सोडा-साबणात उकळताना रेशमाचं वजन पाचवा हिस्सा किंवा त्याहून जास्त घटतं. तारेवरचा नैसर्गिक डिंक थोडा राहिला तर रंग डागाळतो, जास्त उकळलं तर तार पिसारते. शिवाय रंगाच्या पाण्याची विल्हेवाट, वाफ, मुलं. रंगवलेलं रेशीम विकत घ्यावं, पण एका साडीचं एका घाण्यातलंच. ‘उरलेलं पुढच्या आठवड्यात आणू’ म्हटलं की तोच रंग दुसऱ्या घाण्यात किंचित वेगळा येतो, आणि साडी मध्यावर रंग बदलते.

वजन, दर, पैसा

प्रत्येकीला कुलपाचा एक खण: दोन फूट बाय दीड फूट, फूटभर उंच. त्यात तिच्या तिल्ल्या, कात्री, नक्षीचे कागद. रेशीम आणि जरी कोठारातून वजन करून द्यायची, उरलेली वजन करून परत घ्यायची, अर्ध्या ग्रॅमपर्यंत दाखवणाऱ्या काट्यावर आणि तिच्यासमोर. तूट किती धरायची हे आधी ठरवू नये. पहिल्या तीन साड्यांची तूट सगळ्यांची लिहावी आणि मग सगळ्यांनी बसून एक आकडा मान्य करावा. वरून लादलेल्या आकड्याने चोरीचा संशय जन्माला येतो आणि शेड त्यानेच मोडते.

मजुरी साडी पूर्ण झाल्यावर दिली तर भारी पदराच्या साडीवर बसलेली बाई महिनोन् महिने रिकाम्या हाताने घरी जाते. घरचे विचारतात, ‘तिकडे जाऊन मिळतं काय?’ तो प्रश्न रास्त आहे. दर पंधरा दिवसांनी विणलेलं मोजावं: अंगाचे इंच वेगळे, पदराचे वेगळे, दोन वेगळे दर. मोजलेल्या ठिकाणी काठाबाहेर रंगीत दोऱ्याची खूण बांधायची आणि त्याच दिवशी पैसे खात्यात. यासाठी हातात भांडवल लागतं. आठही मागांची किमान सहा महिन्यांची मजुरी, सांभाळणाऱ्या बाईचा पगार आणि वीजबिल बँकेत असल्याशिवाय शेड सुरू करू नये.

शेडचं भाडं दरमहा सारखं लावलं तर बाळंतपणात, आजारपणात बाई कर्जात जाते आणि परत यायला लाजते. विक्रीच्या वेळी साडीमागे ठरलेला हिस्सा कापणं जास्त न्याय्य.

पडवी

येवल्यात गिऱ्हाईक थेट येतं, लग्नसराईत तर गटागटाने. त्यांना दालनात सोडू नये. पाठीमागे उभं राहून कोणी बघत असलं की मोजणी चुकते, आणि विचारल्याशिवाय फोटो काढले जातात. पडवीत एक लहान प्रात्यक्षिकाचा माग, लांब टेबल आणि साड्या. टेबलावर साडी उलटी करून दाखवायची सोय हवी, कारण हाताने गुंतवलेल्या पैठणीची उलटी बाजू जवळजवळ सुलट्यासारखीच असते, तिथे लोंबणाऱ्या तारा नसतात. यंत्रावरच्या नकलेत मागे तारांचे लांब उड्या मारलेले पट्टे दिसतात. हे एकदा डोळ्यांनी पाहिलेलं गिऱ्हाईक दरावर कमी घासाघीस करतं. पैठणीला २०१० मध्ये मिळालेल्या भौगोलिक मानांकनाचा उपयोग करायचा असेल तर अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी गटाच्या नावाने वेळेत करून घ्यावी.

स्वच्छतागृहं दोन, आतून नीट कडी लागणारी, पाणी आणि झाकणाची बादली असलेली, आणि दालनातूनच वाट असलेली. ती अंगणापलीकडे असतील तर बायका दिवसभर पाणी पीत नाहीत, आणि त्याचा त्रास मूत्रमार्गाला होतो. शेडमध्ये दहा किंवा जास्त जण काम करत असतील तर २०१३ च्या लैंगिक छळ प्रतिबंधक कायद्याप्रमाणे अंतर्गत समिती लागते. दहापेक्षा कमी असतील तर तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते. आठ विणकर, दोन तयारीच्या, एक सांभाळणारी म्हणजे अकरा होतात, हे मोजताना विसरलं जातं. व्यापारी, सुतार, माल पोचवणारा हे सगळे त्या कायद्याच्या कक्षेत येतात.

किल्ल्या तीन, तीन वेगळ्या गल्ल्यांतल्या तिघींकडे. एकाच किल्लीवर शेड चालली तर त्या एकीच्या घरचं लग्न म्हणजे आठ मागांची सुट्टी.

बांधकामाआधी एक करावं. वस्तीतली एखादी रिकामी मोठी खोली महिन्यासाठी भाड्याने घ्यावी आणि जमिनीवर खडूने पूर्ण मापाचा नकाशा आखावा: माग, वाट, पाळणाघराची भिंत, मोरी. दोन माग खरे लावावेत, पायांवर उभे राहणारे चालतील. ज्या बसणार आहेत त्यांनाच दिवसभर तिथे वावरू द्यावं, सकाळच्या, दुपारच्या आणि दिवेलागणीच्या उजेडात. मोरी कुठे सरकवायची, काच किती खाली हवी, कोण कोणाशेजारी बसणार, हे त्या स्वतः खडू हातात घेऊन बदलतात. गवंड्याला बोलवायचं ते त्यानंतर, आणि खड्ड्यांतल्या पायरीची मापं नावानिशी लिहून द्यायची.